पाळीत पोटही बिघडते: कोलोनोस्कोपी, एमआरआय की थेट लॅप्रोस्कोपी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३१. पाळी पहिल्यापासूनच दुखरी, पण गेल्या तीन वर्षांत तिच्यासोबत पोटाच्या तक्रारीही सुरू झाल्या. पाळीच्या दोन दिवस आधी पोट फुगते, पाळीत जुलाब होतात, शौचाला बसले की आत खोलवर कळ जाते आणि एरवी महिनाभर बद्धकोष्ठ असतो. शरीरसंबंधाच्या वेळीही आत दुखते. साधी सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली. पोटविकारतज्ज्ञांना आयबीएस (आतड्यात गाठ किंवा सूज नसताना पोट बिघडत राहण्याचा विकार) वाटतो, पण खात्रीसाठी ते कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठे आतडे आतून पाहणे) करू म्हणतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना एन्डोमेट्रिओसिस या गर्भाशयाच्या अस्तराशी निगडित आजाराची शंका आहे आणि त्या ‘लॅप्रोस्कोपीने (पोटाला छोटी छिद्रे पाडून दुर्बिणीने) आत बघून घेऊ’ म्हणतात. दोन्ही एकाच भुलीत उरकता येईल का, की आधी एमआरआय करावा, असे तुम्ही विचारले आहे.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग एन्डोमेट्रिओसिसच्या शस्त्रक्रियांचा आहे. तुम्हाला न तपासता निदान सांगता येणार नाही, पण तपासण्यांचा क्रम मात्र सांगता येतो. तुम्ही लिहिले आहे तेवढ्यावरून कोलोनोस्कोपी आणि लॅप्रोस्कोपी यांपैकी एकही मी लगेच करणार नाही. आधी हाताने नीट तपासणी, रक्ताच्या आणि शौचाच्या काही साध्या चाचण्या, मग एन्डोमेट्रिओसिस शोधण्यासाठीच केलेली योनीमार्गे सोनोग्राफी. गरज पडली तर एमआरआय. कोलोनोस्कोपी आणि लॅप्रोस्कोपीचा नंबर त्यानंतर, आणि तोही त्या कशासाठी करायच्या हे ठरल्यावरच.

हा क्रम का, ते समजायला आजार आतड्याला कसा धरतो ते माहीत हवे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात, तो एन्डोमेट्रिओसिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना तो असतो. त्यातल्या काहींमध्ये तो आतड्यापर्यंत जातो, आणि बहुतेक वेळा गुदाशय किंवा त्याच्या वरचा सिग्मॉइड हा भाग धरतो, कारण हे भाग गर्भाशयाच्या अगदी मागे असतात. अपेंडिक्स आणि लहान आतड्याचे शेवटचे टोक इथेही तो सापडतो, पण कमी. आता महत्त्वाचा मुद्दा: हा आजार आतड्याला बाहेरून धरतो. आधी बाहेरचे पातळ आवरण, मग स्नायूंचा थर. आतल्या अस्तरापर्यंत तो क्वचितच पोचतो. कोलोनोस्कोपी पाहते ते नेमके हे आतले अस्तर. भिंतीला बाहेरून ओल धरली असताना आतला रंग चांगला दिसतो म्हणून भिंत कोरडी ठरवावी, तसे होते ते. आतड्याच्या स्नायूत दोन-तीन सेंटिमीटरची गाठ असूनही कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट पूर्ण स्वच्छ येऊ शकतो. कधी बाहेरून दाब आल्यासारखे दिसते, कधी आतडे एका जागी अडकून काटकोनात वळलेले आढळते, पण बायोप्सीचा (तपासणीसाठी तुकडा घेण्याचा) चिमटा बहुधा आजारापर्यंत पोचतच नाही. म्हणून ‘कोलोनोस्कोपी नॉर्मल, म्हणजे एन्डोमेट्रिओसिस नाही’ हे वाक्य कोणीही म्हटले तरी स्वीकारू नका.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पाळीत जुलाब आणि पोट फुगणे म्हणजे आतड्यात गाठ असेलच, असे नाही. पाळीच्या वेळी तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन द्रव्ये आतड्याच्या स्नायूंनाही चाळवतात. ओटीपोटात वर्षानुवर्षे दुखत असेल तर आतड्याच्या मज्जातंतूंची संवेदनशीलता वाढते. त्यामुळे एन्डोमेट्रिओसिस फक्त पोटाच्या पातळ पडद्यावर असूनही तक्रारी आतड्याच्या असू शकतात. आयबीएस आणि एन्डोमेट्रिओसिस एकाच स्त्रीत एकत्रही असतात, आणि ते वारंवार दिसते. ‘हा की तो’ अशा भांडणात पडू नका. तुमचे दोन्ही डॉक्टर एकाच वेळी बरोबर असू शकतात.

तेव्हा कुठल्याही तपासणीआधी एकच विचारायचे: हिचा निकाल काही आला तरी पुढचा निर्णय बदलणार आहे का? बदलणार नसेल तर ती तपासणी आत्ता नको.

पहिली पायरी बिनखर्चाची आहे. दोन पाळ्यांची नोंद ठेवा. रोज एक ओळ: रक्तस्राव आहे का, ओटीपोटातले दुखणे दहापैकी किती, शौच किती वेळा आणि कसे, शौच करताना दुखले का, शौचात रक्त दिसले का, त्या दिवशी वेदनाशामक घेतले का. शौच करतानाची कळ ही पाळीच्या दिवसांतच येते की महिनाभर, आणि शौच झाल्यावर पोटाला आराम पडतो की नाही, हे मुद्दाम लिहा. शौचानंतर आराम पडणे आयबीएसकडे जास्त झुकते. पाळीपुरती येणारी, आत खोल, गुदद्वाराच्या दिशेने जाणारी कळ, आणि सोबत संबंधाच्या वेळचे खोल दुखणे, हे चित्र मला गर्भाशयाच्या मागच्या बाजूकडे पाहायला लावते. तुमचे वर्णन या दुसऱ्या प्रकारात बसते, म्हणूनच माझी शंका पक्की आहे.

मग प्रत्यक्ष तपासणी. ती घाईत होते, याची मला खंत आहे. योनीतून पाहताना गर्भाशयमुखाच्या मागच्या खोबणीत निळसर ठिपके किंवा सुरकुती दिसते का, बोटाने तपासताना गर्भाशयामागचे बंध जाड आणि दुखरे लागतात का, आणि गुदाशयातून तपासताना योनी व गुदाशय यांच्यामध्ये टणक गाठ हाताला लागते का, हे बघायला काही मिनिटे पुरतात. त्याच वेळी गुदद्वाराशी भेग किंवा मूळव्याध आहे का तेही कळते. शौच करताना दुखण्याचे कारण कधी तिथेच सापडते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू शौचाच्या वेळी सैल होण्याऐवजी आवळले जातात का, हेही याच तपासणीत लक्षात येते. असे असेल तर त्याचा इलाज फिजिओथेरपी आहे, आणि स्कॅन किंवा दुर्बीण यांतून ते कधीच कळणार नाही. तपासणी नॉर्मल असली तरी एन्डोमेट्रिओसिस नाहीच असे ठरत नाही, पण काही सापडले तर पुढचा रस्ता खूप आखूड होतो.

साध्या चाचण्यांत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, सीलिएक आजाराची (गव्हातले ग्लूटेन न सोसण्याच्या) रक्तचाचणी आणि शौचातले कॅलप्रोटेक्टिन एवढे पुरे. सीलिएकची चाचणी ग्लूटेन खाणे चालू असतानाच करायची. महिनाभर आधीच बंद केले असेल तर निकाल फसवा येऊ शकतो. कॅलप्रोटेक्टिन हे आतड्याच्या आतल्या सुजेचे माप आहे. ते कमी असेल तर क्रोन किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिससारखा आतड्याच्या सुजेचा आजार असण्याची शक्यता फार कमी उरते, आणि कोलोनोस्कोपीची निकड तिथेच ओसरते. मात्र इथे एक खाच आहे. पाळीच्या दुखण्यासाठी आयब्युप्रोफेन, मेफेनामिक ॲसिड किंवा डायक्लोफेनॅक घेत असाल तर त्या गोळ्यांनीही कॅलप्रोटेक्टिन वाढते. म्हणून नमुना देण्यापूर्वी शक्य असेल तर साधारण दोन आठवडे या गोळ्या टाळा, आणि रक्तस्रावाच्या दिवसांत नमुना देऊ नका. या कारणाने थोडेसे वाढलेले कॅलप्रोटेक्टिन बघून थेट कोलोनोस्कोपीला पाठवले जाते, तेव्हा आधी चाचणी पुन्हा करून घ्यावी. सीए-१२५ (रक्तातले एक प्रथिन मोजणारी चाचणी) मात्र एन्डोमेट्रिओसिसच्या निदानासाठी करू नका. तो वाढला तरी सिद्ध काही होत नाही, नॉर्मल आला तरी आजार नाही असे ठरत नाही, मधल्या मध्ये कर्करोगाची भीती तेवढी मनात बसते.

आता सोनोग्राफी. तुमची ‘नॉर्मल’ सोनोग्राफी बहुधा गर्भाशय आणि अंडाशय पाहण्यासाठी झाली असणार. तिच्यात चॉकलेट सिस्ट (अंडाशयातली जुन्या रक्ताने भरलेली गाठ) दिसली असती, पण आतड्यावरची गाठ कोणी शोधलीच नसेल तर दिसणार कशी? एन्डोमेट्रिओसिससाठीची सोनोग्राफी वेगळी असते. तिची पद्धत २०१६ मध्ये ‘आयडिया’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने ठरवून दिली आहे. गर्भाशय आणि अंडाशय पाहून झाले की तपासणारे डॉक्टर प्रोबने (योनीत घातलेल्या सोनोग्राफीच्या दांडीने) हलकेच ढकलून अंडाशय मोकळे आहेत की चिकटले आहेत ते पाहतात, कुठे दाबल्यावर तुम्हाला नेहमीचीच ती कळ येते ते विचारतात. मग प्रोबने गर्भाशयमुखावर जरासा दाब देऊन पडद्यावर बघतात की गुदाशय गर्भाशयाच्या मागच्या भिंतीवरून सरकतो की तिला जखडून राहतो. सरकत नसेल तर गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधली मागची पोकळी चिकटून बंद झाल्याची दाट शंका येते. शेवटी मूत्राशय, गर्भाशयामागचे बंध, योनीची मागची भिंत आणि आतड्याची भिंत एकेक करून तपासतात. आतड्याच्या स्नायूतली गाठ काळसर, जाड, लांबट दिसते. तिची लांबी, जाडी आणि गुदद्वारापासूनचे अंतर मोजायचे असते.

अनुभवी हातांनी केलेली ही सोनोग्राफी गुदाशय-सिग्मॉइड भागातली गाठ किती पकडते? अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या २०१६ च्या कोक्रेन आढाव्यात तिची संवेदनशीलता (गाठ असलेल्यांपैकी किती जणींत ती पकडली जाते) सुमारे ९० टक्के आणि विशिष्टता (गाठ नसलेल्यांपैकी किती जणींत ‘नाही’ असे बरोबर येते) ९६ टक्के निघाली, एमआरआयची ९२ आणि ९६. म्हणजे दोन्ही जवळजवळ तोडीस तोड. खरा फरक यंत्रापेक्षा ते वापरणाऱ्यात आहे. म्हणून ‘सोनोग्राफी की एमआरआय’ यापेक्षा ‘माझ्या आवाक्यात खोल एन्डोमेट्रिओसिसचे स्कॅन नेहमी करणारे कोण आहे’ हे शोधा. असे सोनोग्राफीतज्ज्ञ मिळत असतील तर सोनोग्राफी आधी, कारण ती हलत्या अवयवांची असते आणि दुखते कुठे ते तिथल्या तिथे विचारता येते. तसे कोणी नसेल, किंवा योनीमार्गे तपासणी तुम्हाला नको असेल, तर एमआरआय आधी. शरीरसंबंध न आलेल्या मुलींसाठीही हाच पर्याय मी सुचवते. स्कॅनसाठी पाळीचा ठराविक दिवस गाठायची गरज नाही, आणि हॉर्मोनच्या गोळ्या चालू असतील तर केवळ त्यासाठी त्या बंद करू नका.

सोनोग्राफीत आतड्यावर गाठ दिसली तर एमआरआय मी जवळजवळ नेहमी करून घेते, कारण तेव्हा प्रश्न ‘आहे का’ हा नसतो, ‘कुठे, किती, आणखी कुठे’ हा असतो. प्रोबच्या टप्प्याबाहेरची, वरच्या सिग्मॉइडवरची दुसरी गाठ त्यात सापडू शकते. एमआरआयच्या चिठ्ठीवर नुसते ‘पेल्विस’ लिहून चालत नाही. ‘खोल एन्डोमेट्रिओसिसची शंका, आतड्याचा सहभाग पाहावा’ असे लिहिलेले असावे, म्हणजे आतड्याची हालचाल थोपवणारे इंजेक्शन देऊन योग्य छेद घेतले जातात. गाठ दिसली असेल तर मूत्रपिंडांची सोनोग्राफीही त्याच फेरीत करून घ्या. खोल एन्डोमेट्रिओसिस मूत्रवाहिनीला आवळत असेल तर मूत्रपिंड कसलीही तक्रार न करता सुजत जाते. ही पाच मिनिटांची तपासणी विसरणे परवडत नाही.

स्कॅन स्वच्छ आले तर? आतड्याच्या स्नायूत मोठी गाठ असण्याची शक्यता खूप खाली येते. पण पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावरचा उथळ एन्डोमेट्रिओसिस दोन्ही स्कॅनना नीट दिसत नाही, त्यामुळे आजार नाहीच असे ठरत नाही. अशा वेळी मूल लगेच नको असेल तर मी औषध सुरू करते: डायनोजेस्टसारखे प्रोजेस्टिन (हॉर्मोनचे औषध), किंवा चालत असतील तर संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या, शक्यतो रक्तस्राव थांबेल अशा सलग पद्धतीने, साधारण तीन महिने. सोबत आयबीएसचे उपचारही चालू शकतात. आराम पडला म्हणजे निदान सिद्ध झाले असे नव्हे, आणि नाही पडला म्हणजे आजार नाही असेही नव्हे. पण त्रास आटोक्यात आला तर पोट उघडून, दुर्बिणीने का होईना, बघण्याची गरज राहत नाही.

लॅप्रोस्कोपीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे विचार बदलला आहे आणि तो सगळीकडे पोचलेला नाही. पूर्वी लॅप्रोस्कोपी हेच निदानाचे अंतिम प्रमाण मानले जाई. युरोपातील ईएसएचआरई या प्रजनन-वैद्यक संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी ते स्थान काढून घेतले. आता निदानासाठी लॅप्रोस्कोपी कधी? स्कॅनमध्ये काही दिसत नसेल, किंवा औषधाने उपयोग झाला नसेल अथवा औषध देता येत नसेल, तेव्हा. ही शस्त्रक्रिया सहसा सुरक्षित असते, तरी निदानापुरत्या लॅप्रोस्कोपीतही गंभीर गुंतागुंत हजारात सुमारे दोघींना होते. माझा मोठा आक्षेप मात्र याहून वेगळा आहे. स्कॅन न करता ‘आत बघू’ म्हणून गेलेल्या डॉक्टरांना आतड्यावर गाठ सापडली, तर त्या वेळी आतड्याचे शल्यविशारद हजर नसतात, आतड्यावरच्या शस्त्रक्रियेची तुमची संमती नसते. मग फोटो काढून पोट बंद करायचे आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख द्यायची, किंवा अर्धवट काढून चिकटण्या वाढवून ठेवायच्या. शिवाय मागची पोकळी चिकटून बंद असेल तर तिच्या आडची गाठ नुसते बघून दिसतही नाही. नकाशा आधी, शस्त्रक्रिया नंतर, हा आग्रह त्यासाठी आहे.

आधीच नकाशा असेल तर निर्णय नेमके होतात. एन्डोमेट्रिओसिसची व्याप्ती नोंदवणाऱ्या एन्झियन वर्गीकरणात आतड्यावरची गाठ १ सेंटिमीटरपेक्षा लहान, १ ते ३, की ३ पेक्षा मोठी असे टप्पे केले आहेत. छोटी, वरवरची गाठ खरवडून निघते, काही ठिकाणी तेवढीच चकती कापून टाके घालतात, आणि मोठी किंवा अनेक गाठी असतील तर आतड्याचा तुकडा काढून जोड द्यावा लागतो. जोड गळणे, योनी व गुदाशय यांच्यात वाट तयार होणे, काही काळ पोटावर शौचाची पिशवी ठेवावी लागणे, या शक्यता तिथे खऱ्या आहेत आणि त्यांबद्दल आधी बोलणे तुमचा हक्क आहे. आणि हेही ऐका: स्कॅनमध्ये आतड्यावर गाठ दिसली म्हणजे ती काढलीच पाहिजे असे नाही. आतडे अरुंद झालेले नसेल आणि त्रास औषधाने आटोक्यात असेल, तर लक्ष ठेवून राहणे हा रीतसर वैद्यकीय निर्णय आहे.

कोलोनोस्कोपी मग कधीच नको का? असे अजिबात नाही. पाळीशी संबंध नसलेला शौचातला रक्तस्राव, कारणाशिवाय घटणारे वजन, लोहाची कमतरता जिचा हिशेब पाळीच्या रक्तस्रावाने लागत नाही, झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, वाढलेले कॅलप्रोटेक्टिन, जवळच्या नातेवाइकाला आतड्याचा कर्करोग किंवा आतड्याचा दाहक आजार, किंवा पंचेचाळिशीनंतर नव्याने बदललेली शौचाची सवय, यांपैकी काहीही असेल तर कोलोनोस्कोपी टाळू नका आणि ती एन्डोमेट्रिओसिसच्या नावाखाली ढकलूही देऊ नका. शौचातून पाळीतच येणारे रक्तही मी आपोआप एन्डोमेट्रिओसिसच्या खात्यात टाकत नाही, कारण मूळव्याध आणि पॉलिप (आतड्यातली मांसल वाढ) हेसुद्धा त्या दिवसांत रक्त देऊ शकतात. आतड्याचा तुकडा काढायचे ठरत असेल तर त्याआधीही बरेच शल्यविशारद ती करून घेतात. करायची ठरली तर चिठ्ठीवर एन्डोमेट्रिओसिसची शंका असल्याचे लिहायला सांगा. सिग्मॉइड चिकटलेला असेल तर दुर्बीण पुढे नेताना जास्त दुखते, आणि करणाऱ्याला आधी माहीत असेल तर तो हळू जातो, भूल पुरेशी देतो, बाहेरून येणारा दाब मुद्दाम शोधतो. तुमच्या पत्रात यांपैकी एकही धोक्याचे लक्षण नाही, म्हणून तुमच्यासाठी ती आत्ता मागे राहू शकते.

दोन्ही एकाच भुलीत करण्याबद्दल: तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण मी करणार नाही. कोलोनोस्कोपीत आतडी हवेने फुगतात आणि फुगलेल्या आतड्यांमागे लॅप्रोस्कोपीत दिसणे अवघड होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पहिलीच्या निकालावर दुसरी हवी की नको ते ठरायचे असते. ती संधीच जाते.

एका परिस्थितीत यातला कुठलाही क्रम पाळत बसायचा नाही. पोट फुगून कडक झाले, वायू आणि शौच दोन्ही बंद झाले, उलट्या सुरू झाल्या, तर ती आतडे अडल्याची लक्षणे आहेत. थेट आपत्कालीन विभागात जा. एन्डोमेट्रिओसिसने असे होणे विरळ आहे, पण होते.

मूल हवे असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, कारण तेव्हा हॉर्मोनचे औषध तीन महिने देऊन बघण्याचा पर्याय बाद होतो आणि लॅप्रोस्कोपीचा विचार लवकर, वंध्यत्वतज्ज्ञांच्या सल्ल्याने करावा लागतो. लॅप्रोस्कोपी सुचवणाऱ्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. काही सापडले तर त्याच वेळी काढणार का? आतड्यावर सापडले तर काय करणार? आतड्याचे शल्यविशारद सोबत असतील का? उत्तरे अडखळत आली तर दुसरे मत घ्या. तसे मत घेताना स्कॅनचा नुसता कागदी रिपोर्ट नेऊ नका. एमआरआयची सीडी किंवा मूळ चित्रे आणि सोनोग्राफीचे व्हिडिओ असतील तर तेही न्या. गाठ किती आणि कुठे हे शस्त्रक्रिया करणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असते.